शेजाऱ्याने दाद कोठे मागावी?

पबच्या परवान्याचा फेरविचार केव्हा करावयाचा, या प्रश्नाला आपल्याकडे आजवर बहुधा एकच उत्तर मिळत आले आहे : माणसे मेल्यावर. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा प्राण घेतला. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता आणि त्या रात्री त्याने पबमध्ये मद्य घेतले होते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर थोड्याच दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघाले, संबंधित पबना टाळी लागली आणि शहरभर तपासण्या सुरू झाल्या. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांस आग लागून १४ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हाही हेच झाले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील हडफडे येथे नाइट क्लबच्या आगीत २५ जणांचा बळी गेला, तेव्हाही हेच. चौकशी, मोजमाप आणि नोटिसा ही सारी कामे आपल्याकडे प्रेतयात्रेच्या मागून चालू लागतात.

परंतु पबच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचे रोजचे दुःख अपघाताएवढे मोठे नसते आणि म्हणूनच ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. काही दिवसांपूर्वी एक सेवानिवृत्त गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. त्यांच्या हाती शाळकरी मुलांची असते तशी दोनशे पानी वही होती. आमचे पूर्वायुष्य शिक्षकी पेशात गेलेले असल्यामुळे वही समोर आली की ती तपासण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. वही नीटनेटकी होती. प्रत्येक नोंदीत तारीख, गाणी सुरू झाल्याची वेळ, कोणास दूरध्वनी केला, काय उत्तर मिळाले आणि आवाज केव्हा थांबला, हे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. पब बंद करा असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांच्या पत्नीस झोपेचे औषध घ्यावे लागते. ते घेतल्यानंतर तरी तिला झोप लागावी, एवढेच ते मागत होते.

वहीतील उत्तरे मात्र वाचण्यासारखी होती. एका कार्यालयाने सांगितले, आवाज हा आमचा विषय नाही, आम्ही केवळ मद्याचा परवाना पाहतो. दुसऱ्याने सांगितले, परवाना आमच्याकडे नाही, आम्ही आवाज कमी करावयास सांगू शकतो. तिसऱ्याच्या मते गच्चीवरील छप्पर अनधिकृत असेल तर तेवढे त्यांच्या कक्षेत येते. सांगितल्यावर आवाज कमी होतो, सांगणारा गेला की पुन्हा वाढतो आणि मध्यरात्रीनंतर गाड्यांचे भोंगे, आरडाओरडा व फुटक्या बाटल्या यांची पाळी येते. यात कोणी खोटे बोलत आहे असे नाही. प्रत्येकाजवळ अधिकाराचा एकेक तुकडा आहे. सगळे तुकडे जोडण्याचे काम मात्र त्या सत्तरीच्या गृहस्थावर येऊन पडले आहे.

कायद्यात अधिकार नाहीत म्हणून हे घडते काय? तसे मुळीच नाही. मद्यविक्रीचा परवाना आपल्या राज्यात आजही १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली दिला जातो. या कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे, परवान्यातील अटींचा भंग झाल्यास तो निलंबित अथवा रद्द करता येतो. कलम ५६ प्रमाणे, इतर कोणत्याही कारणास्तव पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन, किंवा कारणे नमूद करून तत्काळही, तो रद्द करता येतो. सार्वजनिक शांततेसाठी दुकान बंद ठेवण्याचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस कलम १४२ ने दिलेला आहेच. इतकी शस्त्रे असलेल्या शासनास दुबळे म्हणता येणार नाही.

उणीव आहे ती अन्यत्र. या कायद्याच्या दृष्टीने परवाना हा शासन आणि परवानाधारक या दोघांमधील व्यवहार आहे. पबच्या भिंतीपलीकडे झोपणारा तिसरा माणूस त्यात कोठेच नाही. तो अर्ज करू शकतो, विनंती करू शकतो, वर्तमानपत्राकडे येऊ शकतो. पण आपल्या अर्जावर सुनावणी झालीच पाहिजे, असे त्यास हक्काने म्हणता येत नाही. परवान्याचे दरवर्षी नूतनीकरण होते, परंतु त्या वेळी हिशेब होतो तो मुख्यतः शुल्काचा. विद्यार्थ्यास वरच्या वर्गात घालण्यापूर्वी कोणताही शिक्षक त्याचे वर्षाचे प्रगतिपुस्तक पाहतो. पबचे असे प्रगतिपुस्तक कोणी लिहीत नाही आणि ज्याने ते वहीत लिहून ठेवले आहे त्याच्याकडून ते कोणी मागून घेत नाही.

ध्वनीच्या बाबतीतही नियमांची उणीव नाही. केंद्र शासनाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० पासून सकाळी ६ पर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात, शांतपणे जगण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. ऐकण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, हे त्या निकालाचे सार आहे.

तरीही मोजणी झाली की तक्रारदार अनेकदा खोटा ठरतो. याचे कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. डेसिबल मोजण्याची प्रचलित पद्धत माणसाच्या कानाशी जुळवून घेतलेली असल्यामुळे ती खर्जातील ध्वनीला कमी गुण देते, आणि पबमधील संगीताचा सारा भार असतो तो नेमका खर्जावर. उंच स्वर भिंत अडवू शकते. खर्ज मात्र भिंतीतून आणि स्लॅबमधून पलीकडे जातो, खिडकीची तावदाने थरथरवितो आणि उशीखाली ठोके देत राहतो. दिवसाउजेडी रस्त्यावर उभे राहून केलेल्या मोजणीस याचा पत्ता लागत नाही. मोजणी रात्री, तक्रारदाराच्या शयनगृहात, दारे-खिडक्या लावून व्हावयास हवी. पण ती तेथे करा, असे सांगण्याचा अधिकार तक्रारदारास कोठे आहे?

‘पब’ हा शब्द ज्या देशातून आपल्याकडे आला, त्या देशाने या प्रश्नाचा विचार कसा केला आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ साली परवान्यांचा नवा कायदा झाला व नोव्हेंबर २००५ पासून तो अमलात आला. परवाना देण्याचे काम दंडाधिकाऱ्यांकडून काढून स्थानिक नगरपरिषदांकडे देण्यात आले. गुन्हे व दंगा यांस प्रतिबंध, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रवास प्रतिबंध आणि मुलांचे रक्षण ही चार उद्दिष्टे ठरविण्यात आली. यांपैकी एखाद्यास बाध येत असेल तर पोलिसांप्रमाणेच साधा शेजारीदेखील परवान्याच्या फेरविचारासाठी अर्ज करू शकतो. अर्जाची सूचना पबच्या जागी लावली जाते, २८ दिवस सर्वांची लेखी म्हणणी घेतली जातात आणि मग नगरसेवकांची समिती दोन्ही बाजू समोरासमोर ऐकते.

या पद्धतीतील खरे शहाणपण पुढे आहे. समितीपुढे केवळ ‘चालू’ आणि ‘बंद’ असे दोनच पर्याय नसतात. ती वेळ कमी करू शकते, संगीतास मनाई करू शकते, नव्या अटी घालू शकते, मद्यविक्रीची जबाबदारी असलेल्या व्यवस्थापकास दूर करू शकते, तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबित करू शकते आणि यांतील काहीच पुरेसे नाही अशी खात्री झाल्यास तो रद्द करू शकते. निव्वळ खोडसाळ अर्ज फेटाळण्याची सोय आहे आणि निर्णयाविरुद्ध २१ दिवसांत अपिलाचीही. तेथेही कुरकुरी आहेत. पबशेजारी नव्याने घर घ्यावयाचे आणि मग पबविरुद्ध ओरड करावयाची, हा अन्याय असल्याचे तेथील संगीतव्यावसायिक सांगत. ते म्हणणे रास्त ठरवून, नव्याने येणाऱ्याने ध्वनिरोधाचा भार उचलावा, हे तत्त्व २०१८ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात घालण्यात आले. आधी कोण होते, हा प्रश्न आपल्याकडेही विचारला पाहिजे. त्याचे उत्तर मात्र आपल्या कित्येक पेठांत आणि उपनगरांत रहिवाशांच्या बाजूनेच येईल.

आपल्या राज्यात लोकांच्या इच्छेस या विषयात स्थान नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘उभी बाटली की आडवी बाटली’ या मतदानाने गावोगावच्या स्त्रियांनी दारूची दुकाने बंद पाडली आहेत आणि महाराष्ट्रास त्याचा अभिमान वाटावा. मार्च २०२५ मध्ये गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे मद्यविक्रीचे दुकान काढण्यास संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक करण्याचे शासनाने विधानसभेत जाहीर केले, हेही योग्यच झाले. परंतु हे दोन्ही उपाय आजच्या प्रश्नास पुरे पडत नाहीत. पबचा उपद्रव होतो तो आजूबाजूच्या पाचपंचवीस कुटुंबांस. हजारो मतदारांच्या वॉर्डात त्यांनी बहुमत कोठून आणावे? शिवाय मतदानाने बाटली उभी राहते किंवा आडवी होते, आवाज काही कमी होत नाही. ना-हरकत प्रमाणपत्र दुकान उघडण्यापूर्वी उपयोगाचे. पाच वर्षे चालत आलेल्या पबने गच्चीवर ध्वनिवर्धक नेऊन बसविला, तर त्याचा काय उपयोग?

आमच्या या लिखाणास कोणी मद्यपाननिषेधाचे प्रवचन समजू नये. पबमध्ये जाणारे बहुसंख्य तरुण दिवसभर काम करून चार घटका मित्रांत घालविण्यास जातात आणि निमूटपणे घरी परततात. तेथे स्वयंपाकी, वाढपी, सफाई कामगार यांची पोटे भरतात. गणेशोत्सवातील भिंती आणि लग्नाच्या वराती चालतात, मग पबच का डोळ्यांवर येतो, असा प्रश्न हे तरुण विचारतात व तो गैर नाही. कानास उत्सव आणि पब यांत भेद कळत नाही; ध्वनीचा नियम दोघांस सारखाच लागू झाला पाहिजे. मात्र उत्सवासाठी मध्यरात्रीपर्यंत जी सवलत देता येते, तिला वर्षातून १५ दिवसांची मर्यादा कायद्यानेच घातली आहे. पबची रात्र दररोज उगवते, एवढा फरक ध्यानात घ्यावा.

उलट, सुनावणीची रीत असण्यात पबमालकाचेही हित आहे. आज त्याच्यावर वर्षानुवर्षे काहीच कारवाई होत नाही आणि एखाद्या दिवशी शहर खवळले की चांगल्या-वाईट सर्वांवर एकदम धाडी पडतात. नियम पाळणाऱ्यास त्याचे श्रेय नाही व मोडणाऱ्यास त्याचे भय नाही. तक्रारी नोंदल्या गेल्या, त्यांवर वेळीच निर्णय झाले, तर सज्जन व्यावसायिकास आपले वर्तन कागदोपत्री दाखविता येईल.

म्हणून शासनास आमच्या सूचना मोजक्याच आहेत. परवान्याच्या फेरविचाराचा अर्ज करण्याचा हक्क शेजाऱ्यास नियमाने द्यावा. अर्ज एकाच ठिकाणी स्वीकारला जावा. पोलीस, उत्पादन शुल्क आणि महापालिका यांस एकत्र बोलाविण्याचे काम त्या अधिकाऱ्याचे असावे, अर्जदाराचे नव्हे. सुनावणी ठरावीक दिवसांत व उघडपणे व्हावी. मोजणी रात्री आणि तक्रारदाराच्या घरात व्हावी. शिक्षा पायरीपायरीने वाढावी : आधी ध्वनिनियंत्रक यंत्र व बंद दारे, मग गच्चीस मनाई, मग वेळेत कपात, मग निलंबन आणि सर्वांत शेवटी परवाना रद्द. निर्णय कोणताही असो, त्याची कारणे लेखी द्यावीत. आणि वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी ही सारी कागदपत्रे अधिकाऱ्यापुढे असलीच पाहिजेत.

यास मोठा खर्च लागत नाही. अधिकारही बहुतेक आजच हाताशी आहेत. लागते ती ऐकून घेण्याची तयारी. त्या गृहस्थांनी आपली वही जाताना परत नेली, कारण त्या रात्रीची नोंद व्हावयाची होती. ती वही वाचण्यास शासनातील कोणी तरी एक माणूस कायद्याने बांधला जावा, एवढीच आमची मागणी आहे.