पुतळ्यांनी वसवलेली वसाहत

आखूड शेपटीच्या अल्बाट्रॉसच्या पंखांचा पसारा दोन मीटरांहून मोठा. अख्खा उत्तर प्रशांत महासागर तो पालथा घालतो. पण अंडं घालायची वेळ आली, की बहुधा स्वतः जिथे वाढला तिथेच परततो. मग ती जागा बरी असो वा वाईट.

आणि त्याची जागा फारच वाईट होती. पिसांच्या व्यापारासाठी माणसाने हे पक्षी लाखोंनी मारले. १९४९मध्ये ते नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १९५१मध्ये जपानच्या तोरीशिमा बेटावर जेमतेम दहाएक सापडले. ते ज्वालामुखीच्या सुट्या राखेच्या उभ्या उतारावर घरटी करत. वर्षाला एकच अंडं, तेही घरंगळायचं. पाऊस पडला की राख आणि चिखल घरट्यांवर यायचा.

पक्षिशास्त्रज्ञ हिरोशी हासेगावा १९७६पासून या बेटावर जाऊ लागले. आधी तिथे गवत लावून राख धरून ठेवली गेली. पिल्लं जास्त जगू लागली. बेटाच्या दुसऱ्या अंगाला उतार सौम्य होता, हिरवळ होती. पण तिथे एकही अल्बाट्रॉस नव्हता, आणि या पक्ष्याला शेजार लागतो! म्हणून तिथे अल्बाट्रॉसचे हुबेहूब पुतळे मांडले, ध्वनिमुद्रित आवाज लावले. १९९५मध्ये एका जोडीने तिथे अंडं घातलं. पुढे कित्येक वर्षं ती एकच जोडी. ती चिकाटी, माणसांची आणि त्या जोडीचीही, मला थक्क करते.

तरी बेट ज्वालामुखीचंच. १९०२च्या उद्रेकात तिथली सव्वाशे माणसं गेली होती. म्हणून जपानच्या यामाशिना पक्षिसंशोधन संस्थेने सुमारे ३५० किलोमीटरवरचं, ज्वालामुखीचा धोका नसलेलं मुकोजिमा बेट नव्या वसाहतीसाठी निवडलं. पिल्लाच्या मनात जन्मजागा ठसण्याआधीच त्याला हलवायला हवं, म्हणून महिना-सव्वा महिन्याची पिल्लं हेलिकॉप्टरने नेली आणि मासे, माकुळ भरवून माणसांनीच वाढवली. २००८ ते २०१२ या काळात नेलेल्या ७० पिल्लांपैकी ६९ समुद्रावर झेपावली. पुढे त्यांतली काही प्रौढ होऊन खरोखरच मुकोजिमाला परतली, आणि २०१६मध्ये तिथे नवं पिल्लू वाढलं.

आजही या जातीच्या बहुतेक जोड्या तोरीशिमावरच घरटी करतात, आणि तो ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणून मुकोजिमावर वाढणाऱ्या एकेका पिल्लाचं मोल मोठं आहे.