मानसिक आरोग्य : उपचारांतील दरी आणि संशोधनाचा धडा

एखाद्या देशाचे आरोग्य मोजण्याची जुनी पद्धत मृत्यूंच्या संख्येवर आधारलेली होती. हिवताप, क्षय किंवा देवी यांनी किती माणसे दगावली, यावरून आरोग्य नियोजनातील प्राधान्यक्रम ठरत असे. या हिशेबात मनोविकारांना जवळजवळ स्थानच नव्हते; कारण नैराश्य किंवा छिन्नमनस्कता यांची नोंद मृत्यूचे कारण म्हणून क्वचितच होते. जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालाने हा हिशेब बदलला. अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि आजारपणात वा अपंगत्वात काढलेली वर्षे यांची बेरीज करून रोगभार मोजण्याची पद्धत त्यात मांडण्यात आली. या नव्या मोजपट्टीने मनोविकारांचे खरे ओझे प्रथमच आकड्यांत दिसू लागले.

समस्येची व्याप्ती

या पद्धतीने केलेल्या अभ्यासानुसार २०१७ मध्ये भारतात सुमारे १९.७ कोटी व्यक्तींना, म्हणजे दर सात व्यक्तींमागे एकीला, कोणता ना कोणता मानसिक विकार होता. देशाच्या एकूण रोगभारातील मनोविकारांचा वाटा १९९० मध्ये २.५ टक्के होता; तो २०१७ मध्ये ४.७ टक्क्यांवर गेला. त्यात नैराश्य आणि चिंताविकार यांचे प्रमाण सर्वाधिक आहे.

देशांतर्गत माहितीचा मुख्य आधार म्हणजे बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१५-१६ मध्ये केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण. बारा राज्यांत झालेल्या या पाहणीत १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींमध्ये त्या वेळी मानसिक विकार आढळला. आयुष्यात कधी ना कधी विकार झालेल्यांचे प्रमाण १३.७ टक्के होते. सुमारे १५ कोटी लोकांना उपचारांची गरज असल्याचा अंदाज या सर्वेक्षणाने वर्तविला. महाराष्ट्राचा या बारा राज्यांत समावेश नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. तसेच वरील दोन्ही अभ्यासांतील आकडे वेगळे दिसतात, कारण त्यांची पद्धती, वयोगट आणि समाविष्ट विकार सारखे नाहीत. म्हणून त्यांची थेट तुलना करणे योग्य ठरणार नाही.

उपचारांतील दरी

सर्वेक्षणातील अधिक गंभीर निष्कर्ष वेगळाच आहे. उपचारांची गरज असलेल्यांपैकी जितक्यांना उपचार मिळत नाहीत, त्या प्रमाणास 'उपचारांतील दरी' म्हणतात. नैराश्य व चिंता यांसारख्या सर्वसामान्य विकारांत ही दरी ८५ टक्के, तर तीव्र मनोविकारांत ७३.६ टक्के आढळली. मद्यपानाशी निगडित विकारांत ती ८६.३ टक्के होती.

या दरीमागे केवळ अज्ञान किंवा लोकलज्जा नाही. राज्याराज्यांतील मनोविकारतज्ज्ञांची संख्या पाहिली की कारण स्पष्ट होते. सर्वेक्षणानुसार दर लाख लोकसंख्येमागे केरळमध्ये १.२, तर मध्य प्रदेशात केवळ ०.०५ मनोविकारतज्ज्ञ होते. तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याहूनही दूर असेल, तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांचा भार रुग्णाच्या कुटुंबावर पडतो. मुख्यतः औषधोपचार व प्रवास यांवर कुटुंबांना दरमहा सुमारे १,००० ते १,५०० रुपये खर्च करावे लागत असल्याचे या पाहणीत दिसून आले. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाने काही महिन्यांत उपचार सोडून द्यावेत, यात नवल नाही.

ही दरी किती भीषण रूप घेऊ शकते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. तेथील एका खासगी आश्रयगृहात मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवले जात असे. पहाटे लागलेल्या आगीत २८ जणांचा मृत्यू झाला. बांधलेले असल्याने त्यांना पळता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली.

रायपूर राणी ते बेल्लारी

तज्ज्ञ कमी असताना उपचार लोकांपर्यंत कसे न्यावेत, या प्रश्नावर भारतात १९७० च्या दशकातच संशोधन सुरू झाले. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे, तर निम्हान्सने बंगळुरूजवळील सकलवारा येथे १९७५ पासून प्रयोग केले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी यांना अल्पकालीन प्रशिक्षण दिल्यास ते मनोविकार व अपस्मार ओळखू शकतात आणि मूलभूत उपचार देऊ शकतात, असे या प्रयोगांतून दिसून आले.

या अनुभवाच्या आधारे १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुदुर्घटनेनंतर वाचलेल्या लोकांमध्ये मानसिक आघाताचे प्रमाण मोठे असल्याचे लक्षात आले. तेव्हाही सर्वसाधारण वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचा मार्ग अवलंबण्यात आला. पुढे कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात १९८५ ते १९९० या काळात संपूर्ण जिल्हा हा घटक धरून हीच पद्धत राबविण्यात आली. त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये चार जिल्ह्यांपासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज ७६७ जिल्ह्यांसाठी तो मंजूर आहे.

गोव्यातील पुरावा

बेल्लारीसारख्या प्रयोगांनी दिशा दाखविली. परंतु प्रशिक्षित सामान्य कार्यकर्त्याच्या उपचाराने रुग्ण खरोखर बरे होतात का, याचा काटेकोर पुरावा नव्हता. तो गोव्यातील संगाथ या संस्थेच्या संशोधनातून मिळाला. त्यासाठी यादृच्छिक नियंत्रित चाचणीची पद्धत वापरण्यात आली. या पद्धतीत कोणत्या गटाला नवा उपचार मिळावा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविले जाते. त्यामुळे दिसणारा फरक उपचारामुळेच आहे, असे म्हणता येते.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत स्थानिक समुपदेशक नेमण्यात आले. सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये, निदान निश्चित झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण समुपदेशकांच्या गटात ६५.९ टक्के, तर नेहमीच्या सेवेत ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजेच या पद्धतीचा लाभ सरकारी सेवेवर अवलंबून असलेल्या रुग्णांना अधिक होतो.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली दुसरी चाचणी तीव्र स्वरूपाच्या नैराश्यासंबंधी होती. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना सहा ते आठ भेटींत दैनंदिन व्यवहार, कामे आणि नातेसंबंध यांकडे पुन्हा वळण्यास साहाय्य केले. तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. तुलनेच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

कायद्याची चौकट

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. शासनाने चालविलेल्या वा अर्थसाहाय्य दिलेल्या सेवांमधून मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा त्यात प्रत्येक व्यक्तीचा हक्क मानला आहे. मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधण्यास मनाई आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमासंरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तीव्र मानसिक ताणाखाली होती असे मानले जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा सर्वसाधारण गुन्हा राहिलेला नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीद्वारे विनामूल्य समुपदेशन मिळते.

गुंतवणुकीचा प्रश्न

संसदीय स्थायी समितीच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात दर लाख लोकसंख्येमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत. हे प्रमाण तीनपर्यंत नेण्यासाठी आणखी सुमारे २७,००० तज्ज्ञांची आवश्यकता आहे. वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणास तीन वर्षे लागतात. त्यामुळे केवळ तज्ज्ञांची संख्या वाढवून ही दरी नजीकच्या काळात भरून निघणार नाही. समुपदेशक मात्र त्यापेक्षा कितीतरी कमी वेळात आणि कमी खर्चात तयार होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या २०१६ च्या एका अभ्यासानुसार नैराश्य व चिंताविकारांच्या उपचारांवर खर्च केलेल्या एका डॉलरमागे सुधारलेले आरोग्य आणि कार्यक्षमता या रूपाने चार डॉलर परत मिळतात.

अर्थात, समुपदेशक हा तज्ज्ञाचा स्वस्त पर्याय नव्हे. गोव्यातील प्रयोगांत समुपदेशकांच्या कामावर नियमित देखरेख होती आणि गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी तज्ज्ञांचे साहाय्य उपलब्ध होते. देखरेखीवाचून दिलेले प्रशिक्षण कागदावरच राहते. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत मानसिक आरोग्याचा समावेश झाला आहे. तेथे समुपदेशकाचे नियमित पद, औषधांचा अखंड पुरवठा आणि जिल्हा पातळीवरील तज्ज्ञाची ठरावीक दिवशी भेट, या तिन्ही गोष्टींसाठी स्वतंत्र तरतूद झाली, तरच कायद्याने दिलेला हक्क गावातील रुग्णापर्यंत पोहोचेल. काय केले असता रुग्ण बरा होतो, याचे उत्तर संशोधनाने दिले आहे. ते अंदाजपत्रकात आणि मनुष्यबळाच्या नियोजनात उतरविणे, हे आता शासनव्यवस्थेचे काम आहे.