मताचें माप

मत देणें ही गोष्ट पूर्वीं इतकी सोपी नव्हती, आणि इतकी स्वस्तही नव्हती. हल्लीं दुकानाची फळी उघडण्यापूर्वींच दुकानदाराच्या व गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर सर्व प्रश्नांचीं उत्तरें येऊन पडलेलीं असतात. अमुक बातमी खरी कीं खोटी, नवें यंत्र घ्यावें कीं जुनेंच चालवावें, कोणत्या दुकानचें तूप चांगलें, काल लागलेला चित्रपट पाहण्यासारखा आहे कीं नाहीं, या चारही विषयांवर प्रत्येकाचें मत तयार असतें. परंतु त्यांतील किती मतें त्याचीं स्वतःचीं आहेत, असें विचारलें तर मात्र बरेचजण गप्प बसतील. कारण हीं मतें बहुधा कोणाकडून तरी आलेलीं, न तपासतां स्वीकारलेलीं आणि तशींच पुढें ढकललेलीं असतात. या व्यवहाराविषयीं आज आमच्या वाचकांशीं चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

प्रथमच सांगून टाकतों, कीं जो तो मत देऊं लागला म्हणून हळहळणारांपैकीं आम्ही नाहीं. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकर यांनीं 'दर्पण' सुरू केलें, तेव्हां छापील शब्दावर मत देणें दूरच राहिलें, तो वाचूं शकणारे लोकही थोडेच होते. गांवचें मत म्हणजे पाटलाचें, पेठेचें मत म्हणजे शेटजीचें आणि घराचें मत म्हणजे घरांतील वडील पुरुषाचें, अशी ती रीत होती. स्त्रियांचें किंवा मजुरांचें मत विचारण्याची कोणास गरजच वाटत नसे. आज बाजारांत भाजी विकणारी बाईही देशांतील घडामोडींवर आपलें म्हणणें मांडते व तें शेंकडों लोकांपर्यंत जातें, ही लहान सुधारणा नव्हे. ती मागें फिरवावी असें म्हणणारांशीं आमचें कधींही जमावयाचें नाहीं. मात्र अधिकार आला कीं त्याच्या मागोमाग जबाबदारी येते, आणि आपल्याकडे अधिकार पुढें आला असून जबाबदारी अद्याप वाटेंतच रेंगाळत आहे.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून दाखला त्यांच्याच धंद्यांतला देतों. दुकानांतील तराजू व वजनें ठराविक मुदतीनें वैधमापन खात्याकडून तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो. त्यासाठीं २००९ सालचा कायदा आहे. वजन बरोबर आहे असें दुकानदारानें शपथेवर सांगितलें, तरी शिक्क्यावांचून तें चालत नाहीं. असें कां? कारण गिऱ्हाईक प्रत्येक जिन्नस घरीं नेऊन पुन्हां तोलून पाहूं शकत नाहीं. त्याला विश्वासावरच चालावें लागतें. मताची गोष्टही अगदीं अशीच आहे. शेजाऱ्यानें सांगितलेल्या दवाखान्यांत आपण जातों, मित्रानें वाखाणलेलें यंत्र विकत घेतों, नातेवाइकानें पाठविलेली बातमी खरी मानतों. म्हणजे मत हेंही एक वजनच होय, आणि न तपासलेलें मत दुसऱ्याच्या पारड्यांत टाकणें म्हणजे खोटें माप घालणें होय. फरक इतकाच, कीं खोट्या मापानें मूठभर साखर जाते. खोट्या मतानें कधीं कधीं माणूस जातो.

ही अतिशयोक्ति नव्हे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत, राईनपाडा या गांवीं आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच भटके भिक्षेकरी तेथें आले. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशी हूल मोबाईलवरून त्या भागांत आधींच पसरलेली होती. कोणास तरी संशय आला, गर्दी जमली, आणि जमावानें त्या पांचांनाही ठार मारलें. पिढ्यान् पिढ्या गांवोगांव भिक्षा मागत फिरणारे हे लोक. त्यांचा अपराध एवढाच, कीं ते त्या गांवचे नव्हते.

या काळांत देशांतील अनेक भागांत एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघेजण रस्त्यावर खेळणारें मूल उचलून नेतात, असें तींत दिसे. ती मुळांत कराची येथें, मुलांच्या सुरक्षिततेविषयीं आईबापांस सावध करण्याकरितां तयार केलेली होती. तिच्या अखेरीस तेच दोघे मूल परत आणून सोडतात व सूचनेचा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा खरी घटना म्हणून सोडून दिला. कापणारा एकच असेल. पण पुढें पाठविणारे असंख्य होते, आणि ते बहुतेक दुष्ट नसावेत. मुलांच्या काळजीनें व्याकुळ झालेले आईबापच त्यांत अधिक असतील. चांगल्या हेतूनें दिलेलें खोटें मापही खोटेंच ठरतें, हें यावरून दिसतें.

येथें कोणी म्हणेल, कीं हा सारा दोष या नव्या यंत्राचा आहे. मोबाईल नव्हता तेव्हां लोक शहाणे होते. असें म्हणणारांनीं २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आठवावा. मोबाईलची सेवा तेव्हां देशांत नुकतीच सुरू झाली होती आणि सामान्य माणसाच्या हातीं ती आलेली नव्हती. तरीही गणपतीची मूर्ति दूध पिते, ही वार्ता एका दिवसांत देशभर पसरली आणि देवळांपुढें रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनीं दुधांत रंग घालून दाखविलें, कीं मूर्तीला टेकविलेल्या चमच्यांतील दूध पृष्ठताणामुळें ओढलें जातें आणि पातळ थरानें मूर्तीवरूनच खालीं ओघळतें. दूध पांढरें असतां न दिसणारा ओघळ रंगामुळें स्पष्ट दिसला. देवावर श्रद्धा ठेवूं नये, असें आम्ही येथें सांगत नाहीं. चिमूटभर रंगानें जें कळण्यासारखें होतें, तें कळण्यापूर्वींच हजारों सुशिक्षितांनीं आपलें मत कायम करून टाकलें, एवढेंच आमचें म्हणणें आहे. राईनपाड्यानंतर त्याच जुलै महिन्यांत व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीनें हिंदुस्थानापुरती एका वेळीं पांचच ठिकाणीं मजकूर पुढें पाठविण्याची मर्यादा घातली. लगाम घातला हें चांगलेंच झालें. परंतु यंत्राचा वेग कमी केल्यानें स्वाराचा विवेक वाढत नाहीं.

यंत्रांविषयींचीं आपलीं मतें तरी कोठें तोलून घेतलेलीं असतात? मोबाईलवरून पैसे देण्याघेण्याची यूपीआय ही पद्धति २०१६ सालीं सुरू झाली, आणि आज चहाच्या टपरीवरही तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटविलेला दिसतो. वडीलधारे म्हणतात, यांत पैसा हमखास बुडतो. तरुण म्हणतात, यांत फसवणूक होणेंच शक्य नाहीं. दोन्ही मतें आळसांतून निघालेलीं आहेत. त्यांपेक्षां दोनच गोष्टी नीट समजून घेतल्या, तर अधिक उपयोग होईल. पहिली ही, कीं गुप्त आंकडा, ज्याला सर्व लोक पिन म्हणतात, तो पैसे देण्यासाठीं लागतो. पैसे घेण्यासाठीं तो टाकावा लागत नाहीं. 'तुम्हांस रक्कम पाठवितों, तेवढा पिन टाका,' असें म्हणणारा मनुष्य ठग आहे, असें खुशाल समजावें. दुसरी ही, कीं 'डिजिटल अटक' नांवाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यांत नाहीं. मोबाईलच्या पडद्यावर पोलिसाचा पोशाख दिसला म्हणून कोणी भिऊन जाऊं नये. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. यंत्राची स्तुति किंवा निंदा करण्यांत जो वेळ जातो, त्याच्या चौथाईंत एवढें ज्ञान घरांतील आजीबाईंसही देतां येईल.

आतां खरेदीकडे वळूं. मालाखालीं पांच तारे दिसले कीं तो उत्तम, अशी समजूत झाली आहे. परंतु ते तारे कोणीं दिले, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. भाड्यानें लिहविलेल्या स्तुतीचा सुळसुळाट इतका झाला, कीं २०२२ सालीं भारतीय मानक ब्यूरोला अशा अभिप्रायांसाठीं वेगळें मानक काढावें लागलें. विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करूं नयेत, असें त्यांत सांगितलें आहे. प्रारंभीं मात्र तें ऐच्छिकच ठेवलें गेलें. त्यापुढें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें संगणकावरील दुकानदारीच्या तेरा फसव्या युक्त्या नांवें घेऊन निषिद्ध ठरविल्या. 'शेवटचा एकच नग उरला' अशी खोटी घाई करणें आणि गिऱ्हाइकाच्या नकळत त्याच्या यादींत भलतीच वस्तु घुसडणें, या दोन्ही त्यांत आहेत. आमच्या व्यापारी बंधूंस आम्ही स्पष्टच विचारतों: पुतण्याकडून स्वतःच्या दुकानाची वाहवा लिहवून घेणें आणि समोरच्या दुकानास मुद्दाम एक तारा देवविणें, हें तराजूच्या पारड्याखालीं मेण लावण्याहून वेगळें कसें? ज्या पेठेंत अशीं मापें चालूं लागतात, तेथें आधीं प्रामाणिक दुकानदार बुडतो, आणि मग सबंध पेठेची पत बुडते.

गिऱ्हाइकानेंही हें ध्यानांत ठेवावें, कीं कित्येकदां मत गोळा करण्यापेक्षां तपासणी करणें सोपें असतें. सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क असण्याची सक्ति जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानें लागू झाली. दागिन्यावर सहा अक्षरांकांची खूण असते, आणि मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या सोयीवर ती कोणासही पडताळून पाहतां येते. असें असून चार नातलगांस विचारावें आणि खूण मात्र पाहूं नये, ही रीत टाकून द्यावी. सामान्य माणसाचें मत खरोखर किती मोलाचें होऊं शकतें, हें पाहावयाचें असल्यास मुंबई ग्राहक पंचायतीकडे पाहावें. १९७५ सालीं ती स्थापन झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून सामुदायिक रीतीनें महिन्याचें वाणसामान घेण्याची पद्धति तिनें घालून दिली. जी गृहिणी डाळ शिजवून पाहते, तिनें त्या डाळीविषयीं दिलेलें मत कोणत्याही जाहिरातीस भारी पडतें. अनुभवाचा शिक्का म्हणतात तो हाच. मात्र डाळीविषयीं जिचें मत आपण मानतों, तिचें बातमीविषयींचें मत ऐकतांना हंसणारे पुरुष आमच्या सुशिक्षित घरांतूनही आहेत, हें येथें नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.

करमणुकीच्या बाबतींत तर न पाहतां मत देणें हाच जणूं शिष्टाचार झाला आहे. १९७२ सालीं विजय तेंडुलकरांचें 'घाशीराम कोतवाल' पुण्यांत रंगभूमीवर आलें, त्या वेळीं मोठें वादळ उठलें. पुढें तेंच नाटक १९८० सालीं युरोपांत जाऊन आलें. नाटक पाहून त्यास विरोध करणाराचा मान आम्ही राखूं. त्याचें म्हणणें पटो वा न पटो, तें त्याचें स्वतःचें आहे. परंतु दुसऱ्यानें सांगितलें म्हणून संतापणारा आणि दुसऱ्यानें सांगितलें म्हणून टाळ्या पिटणारा, हे दोघे एकाच माळेचे मणी होत. चित्रपट लागण्यापूर्वींच त्यावर बहिष्काराची हांक येते, आणि त्याच सकाळीं 'अद्वितीय' अशी द्वाहीही फिरते. दोन्ही बाजूंनीं ओरडणारांपैकीं तिकीट किती जणांनीं काढलें, हें कळलें तर मोठी करमणूक होईल.

कोणी असेंही म्हणेल, कीं पोटामागें धांवणाऱ्या माणसानें प्रत्येक गोष्ट तपासावी कशी? त्यास तेवढा वेळ कोठला? आक्षेप खरा आहे. प्रत्येक गोष्ट तपासावी, असा आमचा आग्रह नाहींच; जी तपासली नाहीं ती तपासली असें भासवूं नये, एवढीच आमची मागणी आहे. वजनावर जसा शिक्का, तसा मतावर तीन शब्दांपैकीं एक शब्द असावा: 'पाहिलें', 'ऐकलें' किंवा 'वाटतें'. स्वतः अनुभवलें असेल तर 'पाहिलें' म्हणावें. दुसऱ्याकडून आलें असेल तर 'ऐकलें' म्हणावें व कोणाकडून तेंही सांगावें. केवळ तर्क असेल तर 'वाटतें' म्हणावें. यास पैसा लागत नाहीं व वेळही लागत नाहीं. आणि ज्या बातमीनें कोणा माणसावर, जातीवर किंवा परक्या वाटसरूवर संकट ओढवेल, ती नुसती ऐकलेली असेल तर पुढें पाठवूंच नये; गप्प बसण्यानें आजवर कोणाचा जीव गेल्याचें आम्ही वाचलें नाहीं, आणि खरीच धास्ती वाटत असेल तर पोलीस चौकी आहेच.

ही शिस्त घरांतून, दुकानांतून आणि गांवोगांवच्या वाचनालयांतून लागली पाहिजे. वाचनालयांच्या चालकांनीं आठवड्यांतून एक दिवस, त्या आठवड्यांत गांवांत फिरलेली एखादी वार्ता घेऊन ती सर्वांसमक्ष तपासून दाखवावी. गणेशोत्सवाच्या मंडळांनीं देखाव्यांच्या खर्चांतून एका संध्याकाळीं तरी हें काम करावें. व्यापारी संघांनीं आपल्या सभासदांकडून खोटे अभिप्राय न लिहविण्याचें वचन घ्यावें आणि तें दुकानाच्या दर्शनी भागीं लावावें. लोकांनीं मत द्यावें म्हणून मागील पिढ्यांतील सुधारकांनीं पुष्कळ सोसलें. आतां तें मत खरें असावें, एवढी काळजी आपण घ्यावयाची आहे. तराजू आपल्या हातांत आला आहे. दांडी सरळ धरणें आपलें काम आहे.