शाळा जवळची की लांबची ?

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहावे, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आली तेव्हा विषय शोधण्याचे कष्ट आम्हांस पडले नाहीत. दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत आमच्या ओसरीवर पालकांची ये-जा सुरू होते आणि प्रश्न बहुधा एकच असतो : "मास्तर, पोराला गावातच ठेवू, की बेळगावला घालू ?" यंदा या प्रश्नाला आणखी एक धार आली आहे. महोत्सवानिमित्त न्यासाने एक गाडी घ्यावी व आसपासच्या खेड्यांतील आपली मुले शहरातील शाळांत न्यावीत, असा प्रस्ताव काही सभासदांनी मांडला आहे. तेव्हा हा प्रश्न आता एकेका घराचा राहिला नसून आपणां सर्वांच्या वर्गणीचाही झाला आहे.

प्रथम कायद्याचे पाहू. 'जवळची शाळा' ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली नेमलेल्या शिक्षण आयोगाने १९६६ च्या अहवालात शेजारशाळेचा पुरस्कार केला होता. जमीनदाराचे पोर आणि शेतमजुराचे पोर एकाच बाकावर बसावे, हा त्यातला हेतू. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. खेड्यातील शाळा म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आणि सर्वसाधारणपणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरले. माध्यमिक शाळेसाठी पाच किलोमीटरचे अंतर धरतात. म्हणजे मुलाच्या पायांना किती चालवावे याचा विचार सरकारने केला आहे. परंतु पालक केवळ अंतर पाहून शाळा ठरवीत नाहीत, आणि सीमाभागात तर मुळीच नाही.

मग ते काय पाहतात ? वीस वर्षे शाळेत काढल्यावर आम्हांस असे दिसले की, निकाल, शिक्षक, प्रयोगशाळा हे सारे प्रश्न मागाहून येतात. पहिला प्रश्न असतो तो 'शेजारच्याचा मुलगा कोठे जातो' हा. त्याच्या गळ्यात टाय आली, दारात पिवळी गाडी येऊन उभी राहिली, की आपल्या पोराचे पायी शाळेत जाणे आईबापांस कमीपणाचे वाटू लागते. वडील विचारतात इंग्रजीचे. आई विचारते सोबत कोण असेल, आणि मुलगी असेल तर शाळेत स्वच्छतागृह कसे आहे. आमच्या मते आईचे प्रश्न अधिक मोलाचे असतात, पण घरात शेवटचा शब्द अनेकदा आजीचा ठरतो, आणि आजीला नातू डोळ्यांपुढे हवा असतो !

सीमाभागात या निवडीत भाषेची गाठ पडते. कन्नड, मराठी, उर्दू, इंग्रजी अशी चार माध्यमे हाताच्या अंतरावर असली तरी चारही एकाच गावात नसतात. आमच्यासारख्या मुसलमान घरांत बोली दखनी, शेजार मराठी, कचेरी कन्नड. कोणाची उर्दू शाळा घराशेजारी आणि मराठी शाळा दोन वाड्या ओलांडून, तर कोणाचे नेमके उलट. घटनेतील ३५०-अ हे कलम १९५६ साली आले ; प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय असावी, असे ते सांगते. मुलाची मातृभाषा कोणती हे पालकाने ठरवावयाचे, सरकारने एखादे माध्यम लादावयाचे नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच प्रकरणात २०१४ साली दिला. त्याच वेळी २०१५ च्या कायद्याने राज्यातील शाळांत कन्नड ही प्रथम वा द्वितीय भाषा म्हणून शिकणे आवश्यक केले. मराठी शाळेत घातले म्हणून मूल कन्नडला मुकत नाही, ही गोष्ट पुष्कळ पालकांच्या ध्यानात येत नाही. येथेच राहून पोट भरावयाचे असेल तर कन्नड यावयासच हवे, आणि ते गावच्या मराठी शाळेतही शिकविले जाते.

आता लांबच्या शाळेची किंमत. फी सर्वांना दिसते, परंतु वेळ कोणी मोजीत नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कायद्याने वर्षाला २२० दिवस व १००० तास अध्यापनाचे धरले आहेत. जाण्यास एक तास व येण्यास एक तास धरला, तर मुलाचे वर्षाला ४४० तास रस्त्यावर जातात. शाळेत जे हजार तास मिळतात त्याच्या जवळजवळ निम्मे ! पावसाळ्यात बस चुकली की तो हिशेबही कोलमडतो. हे मूल घरी येते ते दमून. त्याचा गृहपाठ होतो तो पेंगत, आणि गावातल्या मुलांत खेळणे तर संपतेच. मोठ्या मुलाला हे सोसते. सहा-सात वर्षांच्या पोराला ते का सोसावयास लावावे, याचे उत्तर आम्हांस अद्याप मिळालेले नाही.

बरे, लांबच्या वा खाजगी शाळेत शिक्षण खरोखर अधिक होते काय ? आंध्र प्रदेशात २००८ पासून याची एक पद्धतशीर परीक्षा झाली. पाच जिल्ह्यांतील खेड्यांत सोडतीने काही मुलांना खाजगी शाळेचा खर्च देण्यात आला व सोडतीत नाव न आलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली गेली. चार वर्षांनंतर तेलुगू व गणित या विषयांत दोघांत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खाजगी शाळेतील मुले पुढे होती, कारण तो विषय त्यांना तेथे शिकविला जात होता. खाजगी शाळांचा दर मुलामागील खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, हेही त्याच अभ्यासात दिसले. तेव्हा सरकारी शाळांनी यावरून फुशारकी मारू नये. आणि पालकांनीही गाडी व टाय म्हणजे विद्या असे समजू नये.

एक गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही, ती येथे विस्ताराने सांगतो. शिक्षकांची संख्या मुलांच्या पटावर ठरते. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार, असे कायद्याच्या परिशिष्टात आहे. समजा, गावच्या शाळेत ६३ मुले आहेत. त्यांतील तीन घरांनी पोरे शहरात घातली, की पट साठावर येतो आणि तिसऱ्या शिक्षकाची जागा धोक्यात येते. मग पाच इयत्ता दोघांनी सांभाळावयाच्या. एक मास्तर तालुक्याला बैठकीस गेला, की उरलेल्याने पाचही वर्ग एका खोलीत बसवावयाचे. ते पाहून आणखी चार घरे म्हणतात, "शाळेत शिकवितच नाहीत", आणि त्यांचीही पोरे बसमध्ये बसतात. मागे राहतात ती ज्यांना बसचे भाडे परवडत नाही त्यांची, आणि बहुधा मुली, कारण घरात एकालाच लांब पाठवावयाचे झाले तर मुलग्याला पाठवितात. पहिल्या तीन घरांनी कोणाचे वाईट चिंतिलेले नसते. त्यांनी आपल्या पोराचे भले पाहिले इतकेच. परंतु त्याचा भार शेजाऱ्याच्या पोरीवर पडतो.

पुढील शिक्षणाच्या दृष्टीनेही काही नियम पालकांनी आधीच जाणून घ्यावेत. बारावीनंतर हळहळून उपयोग नाही. कर्नाटकातील अभियांत्रिकी इत्यादी व्यावसायिक प्रवेशांत ग्रामीण भागात पहिली ते दहावी शिकलेल्यांसाठी १५ टक्के जागा असतात. येथे घर कोठे आहे हे पाहात नाहीत, शाळा कोठे आहे ते पाहतात, आणि दहाही वर्षे पूर्ण लागतात. खेड्यातला मुलगा एक वर्ष जरी शहर हद्दीतील शाळेत शिकला तरी तो हक्क गेला. कन्नड माध्यमातून दहा वर्षे शिकलेल्यांसाठी ५ टक्के जागा आहेत. मराठी वा उर्दू माध्यमाला तशी सवलत नाही. राज्यात किमान सात वर्षे शिक्षण झालेले असावे ही प्रवेशाची मुख्य अट. म्हणून सीमेपलीकडे चंदगड तालुक्यात नातेवाइकांकडे मूल ठेवणाऱ्यांनी वर्षे मोजून ठेवावीत. महाराष्ट्रातही सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी वेगळी सोय आहे, तिचे दाखले वेळेवर काढावेत.

याचा अर्थ लांबची शाळा वाईट, असा मुळीच नाही. अजूनही पुष्कळ गावांत मराठी शाळा सातवीशी थांबते. तेथून पुढे अंतर कापल्यावाचून गत्यंतर नसते, आणि नेमक्या याच पायरीवर मुलींचे शिक्षण तुटते. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास आरंभ केला. त्यानंतर योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढले, असे अभ्यासकांना आढळले. ही वाढ मुख्यतः जेथे शाळा तीन किलोमीटरपेक्षा दूर होती अशा गावांत होती. आपल्या राज्यात ११ जून २०२३ पासून साध्या सरकारी बसमधून स्त्रियांस व मुलींस भाडे पडत नाही. यामुळे 'भाड्याला पैसे नाहीत' ही सबब गेली. 'अंधार पडल्यावर बसथांब्यापासून घरी कोण आणणार' ही अडचण राहिली, आणि ती सबब नव्हे.

अंतर मिटविण्याचा दुसरा जुना मार्ग म्हणजे वसतिगृह. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा मुलांसाठी व १९०६ च्या सुमारास मुसलमान मुलांसाठी बोर्डिंगची सोय केली. आज त्याच जातीची सोय म्हणजे नवोदय विद्यालय. आपल्या जिल्ह्यातील एक कोथळी येथे आहे. सहावीला परीक्षेने प्रवेश, राहणे-जेवणे-शिक्षण विनामूल्य, आणि किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांस. त्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ग्रामीण शाळेत झालेली असावी लागते. म्हणजे पहिलीलाच शहरात धाडण्याची घाई करणारा पालक येथेही ग्रामीण जागेचा हक्क गमावतो.

तेव्हा ओसरीवर येणाऱ्यांस आमचे सांगणे साधारण असे असते : पाचवीपर्यंत गावातच ठेवा, पण ठेवून स्वस्थ बसू नका. शाळेत जा, तेही अवेळी. वर्ग चालू असताना जा. तिसरीतल्या चार मुलांना त्यांच्याच पुस्तकातील एक परिच्छेद वाचावयास सांगा. दोन वाचतात आणि दोन अडखळतात, तर मास्तरांशी बोलण्यासारखी शाळा आहे. चौघेही अडखळले आणि मास्तर चिडले, तर खुशाल दुसरी पाहा, मग ती लांब असली तरी. शहरातील शाळेतही हीच परीक्षा करा. इमारत दाखवितात आणि वर्ग दाखवीत नाहीत, तेथे जपून. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची परीक्षा घेण्यास कायद्याने बंदी आहे हेही ध्यानात असू द्यावे.

गाडीच्या प्रस्तावाविषयी कार्यकारी मंडळास आम्ही लेखी कळविले आहे. गाडी घ्यावयाचीच असेल तर ती आठवीपासून पुढच्या मुलांसाठी असावी, तिच्यात निम्म्या जागा मुलींच्या असाव्यात, आणि संध्याकाळी ती थांब्यावर न थांबता वाडीपर्यंत जावी. पहिली ते पाचवीचे एकही मूल तिच्यात घेऊ नये. त्यांच्यासाठी राखलेली रक्कम ज्या तीन गावांच्या शाळांत पट साठाच्या आसपास आला आहे तेथे एकेक मानधनी शिक्षिका नेमण्यास वापरावी. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी सभा व्हावी, अशी आमची विनंती आहे, कारण एकदा मुलांचे दाखले निघाले की ते परत आणविणे फार कठीण जाते.