कापसाची वात, तांब्याची वात

यवतमाळ कापसाचा जिल्हा. इथल्या घरात वात वळायला कुणाला शिकवावं लागत नाही. गंमत अशी, की स्पीकरची वायर जोडतानाही बोटांना तेच काम! अडीच चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरचं टोक सोला, आत केसासारख्या बारीक साधारण 50 तारा निघतात. चिमटीत धरा, एकाच दिशेनं पीळ द्या, वात घट्ट होऊ द्या. एखादी तार सुटून शेजारच्या गुंडीला (टर्मिनलला) टेकली, की झालं शॉर्ट. आमच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज असाच एकदा उडाला. ती तार इतकी बारीक, की सापडायला भिंग घ्यावं लागलं.

पीळ झाला की टोकाला डाग द्यायचा मोह होतो. स्क्रूखाली जाणारं टोक असेल, तर अजिबात देऊ नका. सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि कचकचून आवळलेला स्क्रू काही महिन्यांत सैल पडतो. उघडं तांबंच बरं. दिवाळीच्या साफसफाईत ते काळपट-हिरवं दिसलं, तर तेवढं कापून नवं सोलायचं.

चांदीची वायर? चांदी तांब्याहून जेमतेम सहा टक्के सरस. किंचित जाड तांबं घ्या, हिशेब फिटला.

एक स्पीकर 3 मीटरवर, दुसरा दाराशी 8 मीटरवर, मग आवाज मागेपुढे होईल का? छे! वायरमधून सिग्नल इतक्या वेगानं धावतो, की त्या फरकात हवेतला आवाज केसाच्या जाडीइतकाही सरकत नाही.

आता दुर्गोत्सवातल्या भोंग्यांकडे बघा. 1 चौरस मिलिमीटरची वायर 100 मीटर लांब ओढून 8 ओहमचा स्पीकर लावला, तर जवळपास 30 टक्के ताकद वायरच खाते. म्हणून लांबच्या भोंग्यांसाठी 100 व्होल्टची लाइन असते: दाब जास्त, प्रवाह कमी, भोंग्यापाशी ट्रान्सफॉर्मर. गावोगाव वीज नेणाऱ्या हाय टेन्शन तारांचीच ही युक्ती!

स्पीकर वायरच्या टोकाला लावतात त्या बनाना प्लगची पिन 4 मिलिमीटरची. युरोपातल्या घरगुती विजेच्या छोट्या, दोन पिनच्या प्लगची पिनही तेवढीच, म्हणून तिकडच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या गुंड्यांना मागून बुचं मारलेली असतात. आपल्या दोन पिनच्या सॉकेटातही बनाना पिन शिरू शकते, तेव्हा मोकळे प्लग लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

आणि लाल-काळ्याची अदलाबदल? एकाच स्पीकरला झाली, तर ढोलक्याचा दम जातो आणि गायिका खोलीत नेमकी कुठे उभी आहे तेच कळेनासं होतं. वायर अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा, भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढा, अधिक टोक लाल तारेला, उणे काळ्या तारेला क्षणभर टेकवा. वूफरचा पडदा ‘टप्’ करून तुमच्याकडे आला, की जोडणी बरोबर.