घरी बनवलेल्या कोळपणी यंत्राची पेट्रोल नळी: शेतात उतरण्याआधी एकदा बघाच



पेरण्या उरकत आल्या, आता कोळपणीची घाई सुरू होईल. जुन्या मोटारसायकलचं १०० सीसी इंजिन बसवून केलेली कोळपणी आणि फवारणीची यंत्रं आपल्या सभासदांकडे बरीच झाली आहेत. गावातला वेल्डिंगवाला चार दिवसांत चांगलं यंत्र उभं करून देतो. फण, चाकं, चेन यावर सगळे डोकं लावतात. पेट्रोलची नळी मात्र शेवटी, निघायच्या गडबडीत, हाताला येईल ती लावली जाते. आजचा संदेश फक्त त्या नळीबद्दल आहे. थोडा लांब आहे, पण घरी असं यंत्र असेल तर पूर्ण वाचा.

मागच्या आठवड्यात एका सभासदाचं यंत्र पाहिलं. काम सुरेख. पण नळीचा जोड बरोबर सायलेन्सरच्या वर, आणि जोडाखाली ओल. "थोडं पाझरतंय, पण दोन हंगाम चाललं की," असं उत्तर मिळालं. तापलेल्या पाइपावर पेट्रोल पडलं की लगेच त्याची वाफ होते. ती पेटायला प्लगच्या सैल टोपीतून उडालेली एक ठिणगी पुरते. हँडल धरून चालणारा माणूस तिथून दोन हातांवर असतो, आणि भरलेली टाकी त्याच्या पोटासमोर.

म्हणून नळी कुठून न्यायची हे ठरवताना आधी एकच प्रश्न विचारा: *इथे नळी फुटली तर पेट्रोल कशावर पडेल?* जमिनीवर पडणार असेल तर ठीक. सायलेन्सर, प्लग, बॅटरी किंवा वायरवर पडणार असेल तर वाट बदला. सायलेन्सरपासून नळी निदान एक वीत लांब हवी आणि त्याच्या वर जोड अजिबात नको. दुसरी वाटच नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा लावा, पण पत्रा सायलेन्सरला चिकटवू नका, मध्ये हवा खेळू द्या.

*नळी कोणती?* गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी, सलाईनची नळी, फवारणी पंपाचा उरलेला तुकडा, हे सगळं आपण यंत्रांवर पाहिलं आहे. यातलं काहीच पेट्रोलसाठी नाही. पारदर्शक प्लास्टिक पेट्रोलमध्ये पिवळं पडतं, कडक होतं, आणि एक दिवस टोकावरून निसटतं. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून पेट्रोलचीच नळी मागून घ्या, टोकाच्या मापाची. मोठी नळी घेऊन वर तार आवळणं हा इलाज नाही, तार नळीला कापते. दोन्ही टोकांना क्लिप हवीच.

*टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत उतार एकसारखा ठेवा.* या यंत्रांत पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं. नळीला मध्येच कुबड आलं की तिथे हवा अडकते, इंजिन रडतरखडत चालतं, आणि मग आपण टाकीचं झाकण सैल करून बघतो. झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं तरी हेच होतं. छिद्र साफ करा, पण सैल झाकणाने यंत्र चालवू नका. सऱ्यांवरून आदळताना पेट्रोल उसळून थेट इंजिनवर येतं.

इंजिन थरथरतं, सांगाडा वेगळा हलतो. नळी ताणून बसवली तर ती टोकाशीच तुटते, म्हणून थोडी ढील द्या. उरलेली नळी वीत-वीतभर अंतरावर सांगाड्याला पट्टीने धरा, पण इतकी आवळू नका की ती दबेल. पत्र्याच्या भोकातून नेत असाल तर भोकात रबरी बुश घाला, नाहीतर पत्र्याची धार एका हंगामात नळी कापते. नळी आणि वायर एकाच केबल टायने बांधायची सवय सोडा. घासून दोन्ही उघडी पडली तर पुढचं सांगायला नको. नळी यंत्राच्या तळाशीही लोंबू देऊ नका, तूरकाठीचे खुंट तिला सोडत नाहीत.

टाकी मागे आणि इंजिन पुढे असलेल्या चारचाकी फवारणी गाड्यांत अंतर जास्त असतं. तिथे लांबच्या टप्प्यासाठी लोखंडी नळी आणि फक्त दोन्ही टोकांना रबर, हे बरं. लोखंडी नळीच्या टोकाला फुगीर कडा काढून घ्या, म्हणजे रबर निसटत नाही. तांब्याची नळी सततच्या हादऱ्याने कडक होऊन चिरते, ती टाळा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. कार्बोरेटरच्या खालून एक बारीक नळी निघते, जास्तीचं पेट्रोल त्यातून बाहेर पडतं. इंजिन तिरपं बसवलं असेल तर आतला फ्लोट नीट काम करत नाही आणि हे पेट्रोल सारखं गळतं. कार्बोरेटर सरळ उभा आला पाहिजे. ती बारीक नळी सायलेन्सरच्या दुसऱ्या बाजूने खाली जमिनीकडे न्या.

*तपासणी:* यंत्र थंड असताना, उघड्यावर, टाकी भरा, कॉक उघडा आणि पंधरा मिनिटं थांबा. प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघा. काडी किंवा लायटर पेटवून कोणी बघू नये, मोबाईलचा उजेड पुरतो. मग इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा आणि पुन्हा बघा.

काम संपलं की कॉक बंद. यंत्र कडब्याजवळ किंवा कापसाच्या खोलीत लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत जाते. आणि उंदीर नळी कुरतडतात, म्हणून चार दिवसांनी यंत्र काढताना आधी नळीवरून नजर फिरवा. पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि गार हवं, बिडी लांब.

आग लागलीच तर पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. माती, वाळू किंवा पावडरचा अग्निशामक वापरा. आग टाकीपर्यंत पोचली तर यंत्र सोडा आणि लांब व्हा.

डिझेल इंजिनवाल्यांसाठी एवढंच: पंपापासून नोझलपर्यंतच्या नळीत दाब फार असतो. गळती हाताने चाचपू नका, बारीक फवारा कातडीच्या आत शिरतो. इंजिन बंद करून मगच बघा.

आपल्या यंत्राच्या नळीचा फोटो (इंजिन बंद ठेवून, दोन्ही बाजूंनी) या नंबरवर पाठवा. सायलेन्सर आणि टाकी दोन्ही फोटोत दिसू द्या. बघून कळवतो.