हजेरीपटापासून टोरंटोपर्यंत

गेल्या पाच वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि किती जण पुढे शिकायला गेले, हे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात टक्केवारीत द्यावे लागते. डहाणू-तलासरीकडच्या महाविद्यालयात ही टक्केवारी काढणे म्हणजे वर्ग सुटल्यावर जुन्या प्रवेशअर्जांचा गठ्ठा समोर घेऊन एकेक मोबाईल नंबर लावत बसणे. मी प्राध्यापक म्हणून हे काम बरीच वर्षे करतो आहे. बरेच नंबर बंद असतात. एखादा शेजारच्या पाड्यातल्या काकाचा निघतो आणि काका सांगतो, पोरगा बोटीवर गेलाय, पावसाळ्याशिवाय येत नाही. कधी मात्र थेट तोच भेटतो.

"सर, मी उंबरगावला जीआयडीसीत आहे. दोन वर्षं झाली."

"कंपनीचं नेमणुकीचं पत्र पाठवशील का?"

"पत्र कुठलं, सर? ठेकेदाराकडून आहे मी. गेटपास चालेल का?"

गेटपास चालत नाही. पुरावा म्हणून नेमणुकीचे पत्र लागते. बीकॉम झालेला हा मुलगा रोज सकाळी आच्छाडचा नाका ओलांडून गुजरातेतल्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो आणि घर चालवतो, पण अहवालात तो बेकार ठरतो.

पुढे शिकायला गेलेल्यांची अडचण वेगळी. त्यातले काही वलसाडला जातात, काही सिल्वासाला. तलासरीहून मुंबईपेक्षा ही गावे कितीतरी जवळ. 1960 मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचे दोन भाग झाले. उंबरगाव गुजरातेत गेले, तलासरी इकडे, महाराष्ट्रात राहिली. नातीगोती, बाजार आणि शिक्षण यांनी ती रेघ कधी फारशी मानली नाही. विद्यापीठांच्या रेघा तर त्याहून वेगळ्या. सिल्वासातले एक महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहे, वलसाडची महाविद्यालये सुरतच्या विद्यापीठाला आणि आम्ही मुंबईला. आमची एखादी विद्यार्थिनी वलसाडला एमएला गेली की फीची पावती गुजरातीत येते. त्या पावतीचे इंग्रजी भाषांतर करायचे, प्राचार्यांची सही-शिक्का घ्यायचा, मगच ती अपलोड करायची. उच्च शिक्षणाची सीमापार गुणवत्ता हा शब्दप्रयोग परिषदांमध्ये ऐकू येतो तेव्हा मला आधी ही पावती आठवते.

2017 नंतरच्या चौकटीत नॅकचे सुमारे 70 टक्के मूल्यांकन आकडेवारीवर गेले. ही आकडेवारी बाहेरची यंत्रणा तपासते. शंका आली की प्रश्न परत येतो आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते. हेतू चांगला होता. भेटीला येऊन पाहुणचाराने भारावणाऱ्या समितीपेक्षा आकडे बरे, असा विचार त्यामागे असावा. पण आकडा कागदावरून येतो आणि कागद माणूस तयार करतो. एकदा शहरातला एक सल्लागार आमच्याकडे आला होता. बैठकांची इतिवृत्ते, अभिप्रायांचे अर्ज, विस्तारकार्याचे अहवाल, सगळे मागच्या तारखांसह तयार करून देतो म्हणाला. फक्त महाविद्यालयाचे नाव बदलायचे. आम्ही त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितले. तो गेल्यावर एक तरुण सहकारी म्हणाला, "सर, आपण खरं लिहिणार आणि ज्यांनी तयार फाईल घेतली ते वरची श्रेणी नेणार." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मार्च 2023 मध्ये पुण्याच्या भूषण पटवर्धनांनी नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्षपद सोडले. मूल्यांकनातल्या गैरप्रकारांची चौकशी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. फेब्रुवारी 2025 मध्ये आंध्रातल्या एका संस्थेला ए प्लस प्लस श्रेणी मिळावी म्हणून लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने काही जणांना अटक केली. त्यांत खुद्द नॅकच्या तपासणी समितीचे अध्यक्ष आणि सदस्य होते.

तरीही आमच्या भागात खोटा कागद करायला माझा हात धजत नाही. मे 1945 मध्ये इथल्याच झरी गावात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने आदिवासींची सभा झाली आणि वारल्यांचा लढा पेटला. त्याआधी लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसे जन्मभर सावकाराची लग्नगडी होऊन राबत. कर्ज किती आणि फिटले किती, हे सावकाराची वही सांगे. ज्याच्या नावावर ती नोंद असे त्याला ती वाचता येत नसे. त्या घरांतली पतवंडे आज आमच्या वर्गात बसतात. त्यांच्या नावापुढे खोटी हजेरी लावायची तर कशाच्या बळावर?

हजेरीचा प्रश्न खरोखर अवघड आहे. दिवाळीनंतर वर्ग विरळ होतो. कुणी आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातो, कुणी धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतो. परीक्षेला यातले बरेच परत येतात, काही पासही होतात. हजेरीपटावर ते गैरहजर, निकालात उत्तीर्ण. तपासणाऱ्याला ही विसंगती दिसते. ती लपवायचा सोपा मार्ग म्हणजे हजेरी भरून टाकणे. आम्ही गैरहजेरी तशीच ठेवतो आणि स्थलांतराची वेगळी वही ठेवतो: नाव, गाव, कधी गेला, कधी आला. त्या वहीला अहवालात गुण नाहीत.

याच परिसरात मूल जिथे आहे तिथे शिक्षण नेण्याचा प्रयोग झाला. 1945 मध्येच ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई आणि अनुताई वाघांनी पाड्यात अंगणवाडी नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेत का येत नाही, याचे खरे उत्तर त्यांनी आधी मान्य केले आणि मग शाळेचा आकार बदलला. मूल्यमापनाच्या चौकटीतही असा बदल करता येईल.

आता दुसरे टोक. घोलवड-डहाणूच्या चिकूवाड्यांतल्या इराणी-पारशी घरांतली मुले परदेशी जातात, अलीकडे इतर घरांतलीही जाऊ लागली आहेत. कॅनडाला जायचे तर टोरंटोतली वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस ही संस्था पदवीचे मूल्य तिथल्या पदवीशी ताडून सांगते. त्यासाठी गुणपत्रकांची ट्रान्सक्रिप्ट मुंबई विद्यापीठाकडून थेट त्यांच्याकडे जावी लागते, विद्यार्थ्याच्या हातून नाही. तिथल्या मूल्यमापकाने आमचे महाविद्यालय पाहिलेले नाही, पाहणारही नाही. आमच्यातल्या कुणीतरी दिलेले अंतर्गत गुण खरे आहेत, एवढेच तो गृहीत धरतो. युनेस्को आणि ओईसीडी यांनी 2005 मध्ये सीमापार उच्च शिक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सरकारे, संस्था, विद्यार्थी संघटना, गुणवत्ता तपासणाऱ्या यंत्रणा, पदव्यांना मान्यता देणाऱ्या यंत्रणा आणि व्यावसायिक मंडळे अशा सहा घटकांची जबाबदारी त्यांत सांगितली आहे. ती बंधनकारक नाहीत, परस्पर विश्वासावर उभी आहेत. मी ती वाचली तेव्हा जाणवले, की हा विश्वास फाईल भरणाऱ्या प्राध्यापकाच्या आणि कारकुनाच्या सचोटीवर टेकलेला आहे.

उलट दिशेनेही वाहतूक सुरू झाली आहे. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार परदेशी विद्यापीठांना इथे संकुल काढता येते, प्रवेशाचे निकष आणि शुल्क त्यांचे त्यांनी ठरवायचे. जून 2025 मध्ये यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची एक डिझाइन संस्था अशा पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबईसाठी इरादापत्रे मिळाली. मूळ संकुलाच्या तोडीचा दर्जा राखणे त्यांना बंधनकारक आहे. तो दर्जा तपासताना तलासरीची किती मुले आत आली, हेही कुणी विचारावे असे मला वाटते.

मूल्यांकनात सुधारणा सुचवणाऱ्या के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींनंतर श्रेणी काढून टाकून मान्यता आहे किंवा नाही एवढेच सांगणारी पद्धत आणण्याचे नॅकने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले. श्रेणीची चढाओढ त्याने थोडी थंडावेल. मागच्या वेळी आम्ही ठेकेदाराकडे काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची वेगळी यादी गेटपासच्या प्रतींसह फाईलला जोडली आणि टक्केवारी होती तेवढीच, कमीच, लिहिली. भेटीला आलेल्या समितीतल्या एका बाईंनी ती यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि स्थलांतराची वहीही मागवून घेतली. गुणांत त्याने काही फरक पडला नाही, कारण त्यासाठी रकानाच नव्हता. नव्या पद्धतीत तो असावा, आणि रकाने ठरवणाऱ्या समितीत वीटभट्टीच्या हंगामात वर्ग घेणारा एखादा प्राध्यापक असावा, असे आम्ही लेखी कळवले आहे.